कारण सांगायची गरज नाही

टोलेडो, ओहायो. महापालिकेची इमारत,
चौथा मजला, लिफ्टपासून डावीकडचं तिसरं दार.
पिशवीत सगळं घेऊन गेलो होतो:
पासपोर्ट, घरपट्टीची पावती, विजेचं बिल,
दोन फोटो, कुणी न मागता काढून ठेवलेले,
आणि रात्री जागून पाठ केलेलं एक वाक्य,
की हे कागद मला का बघायचेत.

मार्लीन झिलिन्स्की नावाच्या बाईंनी
चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या,
नाव नाही सांगितलंत तरी चालेल.
कारण सांगायचीही गरज नाही.
कायदाच आहे तसा.
पाठ केलेलं वाक्य मग जिभेवरच राहिलं
आवळासुपारीसारखं.

कारण तसं साधं. घरासमोरच्या फुटपाथच्या
तीन लाद्या उचलल्यात मेपलच्या मुळांनी.
झाड पालिकेचं, मुळंही पालिकेचीच धरा,
सहाशे चाळीस डॉलरचं बिल मात्र माझं.
म्हणून मागितला आमच्या गल्लीचा
वीस वर्षांचा पत्रव्यवहार.
काचेच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं तपासनीस होतो मी.
बाटली उजेडात धरली
की केसाएवढा तडाही दिसायचा.
म्हटलं, इथेही दिसेल काहीतरी.

एकच खोका. त्यात
एका कुत्र्याविरुद्ध नऊ तक्रारी,
त्याच कुत्र्याच्या बाजूने एक,
कुणी बर्फ उचलला नाही, कुणी गवत कापलं नाही,
कुणाच्या गटारात बेसबॉल.
तक्रार करणाऱ्याच्या नावावर काळी पट्टी,
पत्त्यावर काळी पट्टी, फोनवर काळी पट्टी.
शेजारी सगळे बुरखा घालून बसलेले.

मग एक आखलेला कागद.
वर, बरोबर मधोमध,
बारीक अक्षरात:
श्री.

किराण्याची यादी असो,
मुलीच्या शाळेला चिठ्ठी असो, आधी श्री.
मी हसायचो. अगं, दूध-ब्रेड आणायला कशाला देव?

खाली तिचं इंग्रजी, शाळेतल्या बाईंनी
छडी घेऊन शिकवलेलं, उभं, सरळ.
महाशय, आमच्या कोपऱ्यावरचा दिवा
तीन आठवडे बंद आहे.
माझे पती सेकंड शिफ्ट संपवून रात्री बाराला येतात.
त्यांना अंधारात नीट दिसत नाही,
पण ते हे कबूल करणार नाहीत.
कृपया लक्ष घालावे.
सही होती तिथे काळी पट्टी.
बाजूला शिक्का: दुरुस्त केले.
अकरा दिवसांनी.

मला ती रात्र आठवते.
बर्फ लख्ख दिसत होता, थेट आमच्या पायरीपर्यंत.
जेवताना मी म्हणालो होतो,
बघ, या देशात कसं सगळं आपोआप होतं.
ती भात वाढत होती.
हो ना, म्हणाली. ताक घेणार?

मार्लीनबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.
वर ही कसली खूण आहे हो?
पेन चालतंय का बघितलेलं दिसतंय.
सांगणार होतो.
पण त्यांच्या हातात तो जाड काळा मार्कर,
टोपण काढलेला.
हो, म्हणालो. पेनच.

पाहणं फुकट. प्रत हवी तर पानाला पाच सेंट.
मी एक प्रत घेतली. पावती द्या, म्हणालो.
पाच सेंटची पावती? कशाला?
मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं
तर त्याच हसल्या
आणि पावती फाडली.

खाली रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं,
लाद्यांचं बघायचं राहूनच गेलं.
बिलाची मुदत शुक्रवारी.
पुन्हा अर्ज करावा लागेल.